गाडीमुक्त दिवस : व्याख्या, इतिहास आणि पार्किंग

गाडीमुक्त दिवस म्हणजे शहरातल्या माणसांनी वर्षातून एकदा गाडी घरी ठेवून बाहेर पडण्याचा दिवस. व्याख्या सोपी आहे. अडचण ‘गाडी’ या शब्दाची आहे. मराठीत गाडी म्हणजे काय, हे बोलणारा कुठे उभा आहे त्यावर ठरते. डोंबिवलीच्या फलाटावर ‘गाडी गेली’ म्हटले की लोकल गेली. चिपळूणच्या स्थानकात ‘गाडी लागली’ म्हणजे एसटी फलाटाला लागली. तीच गाडी घाटात एखाद्या प्रवाशाला लागली, तर त्याला खिडकीची जागा द्यावी लागते. उसाच्या हंगामात कारखान्याच्या रस्त्यावर गाडी म्हणजे बैलगाडी. पुण्यात मात्र गाडी म्हणजे दुचाकी. मोटारीला तिथे ‘फोर व्हीलर’ म्हणतात, आणि संदिग्धता उरलीच तर व्याकरण मदतीला येते. ‘तो गाडीवर आला’ म्हणजे दोन चाके, ‘गाडीतून आला’ म्हणजे चार. शब्दयोगी अव्ययावरून चाके मोजता येणाऱ्या भाषा जगात फार नसाव्यात.

या संदिग्धतेचा एक फायदा असा, की गाडीमुक्त दिवस जाहीर झाला की त्याला कोणीही विरोध करत नाही. दुचाकीवाला समजतो, हे मोटारवाल्यांसाठी आहे. एकट्या माणसाने एवढी जागा अडवायची म्हणजे अतिच. मोटारवाला समजतो, हे दुचाकीवाल्यांसाठी आहे. तेच तर कुठूनही घुसतात. रिक्षावाला स्वतःला सार्वजनिक वाहतूक मानतो, आणि टेम्पोवाल्याच्या मते माल उतरवणे ही वाहतूकच नव्हे, तो धंदा. सगळ्यांचा मनापासून पाठिंबा मिळतो. रस्ता मात्र भरलेलाच राहतो.

मुळात ही कल्पना हौसेतून आलेली नाही, टंचाईतून आली. १९७३च्या अरब-इस्रायल युद्धाच्या वेळी अरब देशांनी ज्या राष्ट्रांचे तेल तोडले त्यांत नेदरलँड्स होते. तिथल्या सरकारने ४ नोव्हेंबर १९७३पासून काही रविवार खाजगी मोटारी बंद ठेवल्या. लोकांनी हिरमुसून घरी बसावे अशी अपेक्षा असेल, तर ती फोल ठरली. माणसे महामार्गावर सायकली घेऊन आली, स्केट्स बांधून आली, काही जण तर घोडे घेऊन आले. पेट्रोल संपल्यावर रस्ता शिल्लक राहतो, हा शोध युरोपला असा लागला. पुढे फ्रान्समधल्या ला रोशेल या बंदराच्या गावाने सप्टेंबर १९९७मध्ये तेल असतानाही हा प्रयोग केला. १९९८पासून २२ सप्टेंबर ही तारीख फ्रान्सने धरली, २०००मध्ये युरोपीय संघाने उचलली, आणि आज ‘जागतिक कारमुक्त दिन’ म्हणून दिनदर्शिकेत ती छापली जाते. आपल्याकडे त्या सुमाराला बहुधा गणपती नाही तर पितृपक्ष असतो. पहिल्यात रस्ता मोकळा नसतो आणि दुसऱ्यात नवे काही सुरू करत नाहीत.

सर्वांत गंभीरपणे ही गोष्ट केली ती कोलंबियाच्या बोगोटा शहराने. तिथे १९७४पासून ठरावीक रस्ते मोटारींना बंद करून सायकलींना आणि चालणाऱ्यांना देण्याची प्रथा आहे. आता दर रविवारी आणि सुटीच्या दिवशी सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत शंभराहून अधिक किलोमीटर रस्ते असे मोकळे होतात. त्यावर समाधान न मानता महापौर एन्रिके पेन्यालोसा यांनी २४ फेब्रुवारी २००० रोजी, गुरुवारी, म्हणजे चक्क कामाच्या दिवशी, संपूर्ण शहरात खाजगी मोटारी बंद ठेवल्या. त्याच वर्षी लोकांचे मत घेतले गेले आणि लोकांनी हा दिवस दर वर्षी पाळायचे ठरवले. तेव्हापासून फेब्रुवारीचा पहिला गुरुवार तिथे गाडीविना जातो. पॅरिसने २७ सप्टेंबर २०१५ रोजी रविवार निवडला. त्या दिवशी शहराच्या मध्यभागी आवाज सुमारे तीन डेसिबलने उतरला. आकडा किरकोळ दिसतो, पण ध्वनीच्या हिशेबात तीन डेसिबल म्हणजे निम्मी ऊर्जा. पॅरिसमध्ये हा फरक मोजण्याला यंत्रे लागली. जिथे सिग्नल हिरवा होण्याच्या आधीच मागचा हॉर्न वाजतो, तिथे तो कानांनाही कळेल.

दिल्लीने २२ ऑक्टोबर २०१५ रोजी लाल किल्ल्यापासून इंडिया गेटच्या दिशेने गाडीमुक्त रस्ता केला आणि मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल सायकलवर निघाले. त्या दिवशी दसरा होता. महाराष्ट्रात ही तारीख कोणी सुचवलीही नसती. दसऱ्याला इथे गाडी सोडत नाहीत. तिला धुतात, हळदकुंकू लावतात, झेंडूचा हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात, आणि ज्यांच्याकडे गाडी नाही ते साडेतीन मुहूर्तांपैकी एक साधून ती आणतात. दिवसभर पूजलेल्या गाडीवरून संध्याकाळी सोने वाटायला जायचे नाही, तर मग पूजा कशासाठी केली?

मुंबईची परिस्थिती आणखी वेगळी. मार्च २०२२मध्ये पोलिसांनी ‘संडे स्ट्रीट्स’ सुरू केले. मरीन ड्राइव्हसारखे रस्ते रविवारी सकाळी काही तास वाहनांना बंद, आणि तिथे मुलांच्या सायकली, योगासने, दोरीच्या उड्या. उपक्रम उत्तम होता. पण मुंबईत गाडी म्हणजे लोकल, आणि रविवारी असतो मेगाब्लॉक. त्यामुळे रस्त्यावर नाचायची परवानगी आणि त्या रस्त्यापर्यंत पोचण्याची अडचण एकाच दिवशी येते. तसे पाहिले तर मध्य रेल्वेवरचा प्रवासी दर आठवड्याला गाडीमुक्त दिवसात भाग घेतो. त्याला कोणी टी-शर्ट देत नाही, एवढेच.

या सगळ्यांत अभ्यासाला सर्वांत योग्य शहर पुणे. कारण तिथे गाडी ही वस्तू नसून अवयव आहे.

पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून प्रसिद्ध होते. आकुर्डीला बजाज ऑटोचा कारखाना आला आणि स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबण्याची रीत पडली. फिरोदियांची लुना आली आणि ज्यांना स्कूटर परवडत नव्हती त्यांचेही पाय जमिनीवरून उचलले गेले. पीएमटी बसच्या थांब्यावर उभे राहून जे शिक्षण मिळत होते, त्याने उरलेल्यांना दुचाकीकडे वळवले. २००७मध्ये पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी एकत्र होऊन पीएमपीएमएल झाली, नाव लांबले. २०१८मध्ये शहरातल्या नोंदलेल्या वाहनांनी ३६ लाखांचा आकडा ओलांडला, तेव्हा शहराची लोकसंख्या ३५ लाखांच्या आसपास धरली जात होती. त्या वाहनांतल्या २७ लाखांच्या घरात दुचाकी. म्हणजे लाखभर वाहने अशी, की ती चालवायला माणूसच शिल्लक नाही. ती कुठे आहेत, हा प्रश्न अवघड नाही. ती पदपथावर आहेत.

अशा शहरात रस्ता गाड्यांना बंद करता येतच नाही, असा एक समज आहे, आणि तो साफ चुकीचा आहे. लक्ष्मी रस्ता वर्षातून कमीत कमी दोनदा बंद होतो, तोही असा की कोणाची कुरकुर ऐकू येत नाही. ज्येष्ठात ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या अलका टॉकीजकडून लक्ष्मी रस्त्याने नाना पेठ, भवानी पेठेकडे जातात. अनंत चतुर्दशीला मंडईतून निघालेली विसर्जन मिरवणूक त्याच रस्त्याने उलट दिशेला, अलका चौकाकडे, येते आणि तिला अलीकडे २४ तासांहून जास्त लागतात. या दोन्ही वेळी ‘मग गाडी लावायची कुठे?’ असे पुणेकर विचारत नाही. तो आपण होऊन म्हात्रे पुलापलीकडे गाडी ठेवतो, लेकराला खांद्यावर घेतो आणि तीन किलोमीटर चालतो. दमला, तर एखाद्या मंडळाच्या पाण्याच्या टाकीशी ग्लासभर पाणी पितो आणि पुन्हा चालू लागतो. देवासाठी रस्ता मोकळा होतो, माणसासाठी करायचा म्हटला की अधिसूचना काढावी लागते.

ती अधिसूचना २०२१पासून निघू लागली. ११ डिसेंबर हा दिवस पुणे महापालिकेने ‘पादचारी दिन’ ठरवला आणि लक्ष्मी रस्त्याचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा तुकडा काही तासांसाठी वाहनांना बंद केला. नावात ‘गाडी’ हा शब्द टाळला आहे, ही महापालिकेची हुशारी मानली पाहिजे. गाडी बंद, असे म्हटले तर पुणेकर व्याख्या मागतो. पादचारी दिन म्हटले की तो विचारतो, ‘म्हणजे उरलेले ३६४ दिवस कोणाचे?’ पण या प्रश्नाचे उत्तर त्यालाही ठाऊक असते, त्यामुळे तो फार ताणत नाही.

लक्ष्मी रस्ता म्हणजे साड्या, सोने, कापड, आणि हाकेच्या अंतरावर तुळशीबाग. एरवी इथे चालणे ही एक कला आहे. डावा खांदा दुकानाच्या पायरीला, उजवा खांदा उभ्या गाड्यांच्या आरशांना, पिशवी पोटाशी, आणि डोळे समोरून उलट दिशेने येणाऱ्या दुचाकीवर; एकमार्गी रस्त्यावर ती येणारच हे गृहीत धरलेले. पादचारी दिनाला हे सगळे एकदम थांबते. रस्त्यावर सतरंज्या, कॅरमचे बोर्ड, मुलांसाठी सापशिडी, कोपऱ्यात एक मंच आणि त्यावर माइक तपासणारा माणूस असे काही मांडले जाते. रांगोळी निघते. पाहुणे उद्घाटनाला कशातून आले, हा विनोद फार जुना झाला असल्याने इथे तो करण्याचे कारण नाही.

निरीक्षण करण्यासारखी गोष्ट पुढे आहे. रस्ता पूर्ण मोकळा असूनही पहिला अर्धा तास लोक कडेनेच चालतात. मधला डांबरी पट्टा रिकामा पडलेला असतो आणि माणसे गटाराच्या झाकणांवरून, एकामागे एक, अंग चोरून जात असतात. एखादी बाई पलीकडे जायला निघते तेव्हा आधी उजवीकडे बघते, मग डावीकडे (उलट दिशेसाठी), आणि मग पुण्यातला प्रत्येक माणूस रस्ता ओलांडताना करतो तसा हाताचा पंजा उंचावून, येणाऱ्या वाहनाला थोपवत, भरभर पलीकडे जाते. वाहन येतच नसते. मागून सायकलवरचे पोर घंटी वाजवते आणि चाळीस माणसे एकदम दुकानांच्या पायऱ्यांवर चढतात. तासाभराने कोणी तरी धीर करून मधोमध उभे राहते, बहुधा फोटोसाठी, आणि मग हळूहळू मधला पट्टा भरू लागतो. मधोमध आलेल्या लोकांना पहिल्यांदाच दुकानांचे वरचे मजले दिसतात. लाकडी कठडे, एखादी जुनी गॅलरी, त्यात वाळत घातलेला पंचा. ‘अगं, इथे वर लोक राहतात!’ हे उद्गार तिथे वारंवार ऐकू येतात.

सहभागी नागरिकांत सर्वांत मोठा गट ज्यांना आज काय आहे हे ठाऊकच नाही अशांचा. लग्नसराई असते, बस्त्याला आलेली मंडळी रस्ता मोकळा बघून कोणाचा तरी ‘बंद’ आहे असे समजून आधी घाबरतात. त्याखालोखाल गट निवृत्त मंडळींचा. हे रोजच चालतात, पण आज प्रमाणपत्र मिळेल असे कानावर आलेले असते. तिसरा गट सर्वांत निष्ठावान. तो खास चालण्यासाठी कोथरूड, बाणेर, वाकडहून गाडीने येतो. त्यांना ओळखण्याची खूण म्हणजे कोपराला अडकवलेले हेल्मेट. भाजीच्या टोपलीसारखे ते हेल्मेट घेऊन माणूस कॅरम बघत उभा असतो. मात्र यावरून मोजदाद करायला जाऊ नये. पुण्यात हेल्मेटला जुना आणि संघटित विरोध असल्याने गाडीवरून आलेल्यांचा खरा आकडा हेल्मेटांच्या कितीतरी पट निघेल.

या लोकांच्या गाड्या जातात आजूबाजूच्या पेठांत. लक्ष्मी रस्ता जेवढा रिकामा, तेवढी नारायण पेठ भरलेली. ज्या गल्लीत दोन माणसे एकमेकांना ओलांडू शकत नाहीत, तिथे त्या दिवशी मोटार शिरते आणि अर्ध्यात थांबते. ‘येथे गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल’ या पाट्यांचा तो कसोटीचा दिवस असतो. रिक्षाचा पर्याय काही जण निवडतात. ‘आज लक्ष्मी रोडला नाही जाणार’ असे उत्तर मिळते. या उत्तराचा पादचारी दिनाशी संबंध नाही. ते वर्षभर मिळते.

पण या दिवसाचे खरे केंद्र मंचापाशी नसून बॅरिकेडपाशी असते. तिथे एक हवालदार उभा असतो आणि त्याच्यासमोर अॅक्टिव्हावरून येऊन थांबलेले एक काका. पायाशी दळणाचा डबा.

‘काका, गाडी मागे घ्या. रस्ता बंद आहे.’

‘गाडीला बंद आहे ना? मग ही बंदच आहे.’ काका किल्ली काढून दाखवतात.

‘ढकलत पण न्यायची नाही.’

‘मी चालतोय. गाडी माझ्याबरोबर येतीये.’

‘काका, पुढे पोरं खेळतायत.’

‘पाटीवर काय लिहिलंय? फक्त पादचाऱ्यांना प्रवेश. पादचाऱ्याच्या हातात काय असावं, काय नसावं, ते लिहिलेलं नाही.’

हवालदार वळून पाटी वाचतो. खरोखरच लिहिलेले नसते. तोवर मागे पाच-सहा जण जमलेले असतात आणि त्यांच्यात दोन पक्ष पडलेले असतात. एक म्हणतो, ढकललेली गाडी कायद्याने सामान धरतात. दुसरा म्हणतो, मग हातगाडी का चालते? हातगाडीत ‘गाडी’ आहे, हा मुद्दा तिसरा काढतो आणि चर्चा पुन्हा व्याख्येवर येते. हवालदार सरळ विचारतो, ‘काका, जायचंय कुठे?’ काकांना जायचे असते समोरच्या बोळातल्या गिरणीत; अंतर फार तर दीडशे पावले. शेवटी तोडगा निघतो. काका गाडी बॅरिकेडला लावतात, डबा काखेत मारतात आणि ‘लक्ष असू द्या हं’ असे हवालदाराला सांगून निघतात. पोलिसाच्या नजरेखाली, फुकट, टोइंगची भीती नसलेली जागा! ही बातमी कशी पसरते ते सांगता येत नाही, पण काका पीठ घेऊन परत येईपर्यंत बॅरिकेडला लागून गाड्यांची एक रांग आणि तिच्यामागे दुसरी लागलेली असते. काकांची अॅक्टिव्हा सर्वांत आत. ती बाहेर काढायला अकरा गाड्या उचलून बाजूला कराव्या लागतात, आणि त्या उचलायला कॅरम सोडून पादचारी धावून येतात.

दुकानदारांचे म्हणणे दर वर्षी दोन प्रकारचे असते. गर्दी होती पण गिऱ्हाईक नव्हते, हे एक. गर्दीच नव्हती, हे दुसरे. धंदा बरा झाला असे सांगण्याची पद्धत या रस्त्यावर एरवीही नाही, त्यामुळे त्यावरून काही अनुमान काढणे कठीण. रस्ता कायमचा चालणाऱ्यांसाठी करावा ही सूचना दर वर्षी होते आणि ‘आधी पार्किंगचं बघा’ हे उत्तर दर वर्षी येते. हा पेच सोडवायचा प्रयत्न पूर्वीही झाला. कॅम्पात महात्मा गांधी रस्त्यावर शनिवार-रविवार संध्याकाळी ‘वॉकिंग प्लाझा’ असे; लोक आईस्क्रीम खात मधोमध फिरत. १ नोव्हेंबर २०१२ रोजी ‘सकाळ’च्या पुढाकाराने पुण्यात ‘बस डे’ झाला. जादा बस धावल्या, लोक हौसेने चढले, अनेकांनी कितीतरी वर्षांनी तिकीट काढले. दुसऱ्या दिवशी जादा बस परत गेल्या आणि लोक गाडीवर. मार्च २०२२पासून मेट्रोही आली आहे. मेट्रोने जायचे तर स्थानकापर्यंत कसे जायचे, आणि तिथे गाडी लावायला जागा आहे का, हा पहिला प्रश्न.

ठरलेली वेळ संपली की शिट्टी वाजते. सतरंज्या गुंडाळल्या जातात, कॅरमच्या सोंगट्या मोजल्या जातात, एक हमखास कमी भरते. बॅरिकेड पूर्ण बाजूला होण्याआधीच त्याच्या फटीतून पहिली दुचाकी आत शिरते, तिच्यामागे रिक्षा, मग बाकीचे. माणसे काही न सांगता पुन्हा कडेला सरकतात. रांगोळीवरून पहिली काही चाके वळसा घालून जातात. नंतरची जात नाहीत. आजूबाजूच्या पेठांतल्या गल्ल्यांत सम-विषम तारखांचे पार्किंग असते, पी-१ आणि पी-२. ११ तारीख विषम. १२ तारखेला सकाळी गाड्या समोरच्या बाजूला लावल्या जातात.